किंवा धारकास

चेकवर छापलेला सगळा मजकूर वाचणारा खातेदार मी बावीस वर्षांच्या नोकरीत अजून पाहिलेला नाही. लोक रक्कम वाचतात, सही वाचतात, फार तर तारीख वाचतात. पण नाव लिहायच्या रेघेच्या शेवटी दोन बारीक शब्द असतात, 'ऑर बेअरर'. मराठीत 'किंवा धारकास'. म्हणजे नाव कुणाचंही असो, हा कागद हातात धरून जो काउंटरपर्यंत चालत आला, त्याला पैसे द्या. एवढं उदार कलम आमच्या बँकेच्या व्यवहारात दुसरं नाही. आणि शहाणी माणसं चेक लिहायला बसली की सगळ्यात आधी काय करतात? पेन उघडतात आणि 'धारक' खोडतात.

बँकेच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. माझी तक्रार बँकेबाहेरच्या खोडाखोडीबद्दल आहे. आणि ती मला सुचली एका लोखंडी तिवईमुळे, म्हणून आधी तिवईची हकीकत.

चाळिशी उलटली की माणसाला एखादा छंद जडतो. आमच्या हेड कॅशियरांना बोन्साय जडलं, शेजारच्या काकांना होमिओपॅथी. मला ताऱ्यांचे फोटो काढावेसे वाटू लागले. दुर्बीण घ्यायची, तिला कॅमेरा लावायचा आणि मृगातल्या तेजोमेघाचा गुलाबी फोटो काढून दिवाणखान्यात लावायचा, एवढीच माफक महत्त्वाकांक्षा. जाणकारांना विचारलं, "दुर्बीण कुठली घेऊ?" तर एकजात सगळे म्हणाले, "दुर्बिणीचं नंतर बघू. माउंट कुठला घेताय?"

माउंट म्हटलं की आमच्या शाखेत फक्त अबू आठवतो, तोही एलटीसीवर. त्यामुळे हा माउंट म्हणजे दुर्बीण ज्यावर बसते ते खालचं प्रकरण, हे कळायलाच एक रविवार गेला. दुसऱ्या रविवारी कळलं की तीस रुपये दुर्बिणीला ठेवले, तर साठ-सत्तर रुपये या खालच्या प्रकरणाला ठेवावेत असा रिवाज आहे. मी कॉमर्सचा पदवीधर. गाडीपेक्षा गॅरेज महाग, हे माझ्या बुद्धीला एकदम पटेना. शिवाय कंपनीनं 'दहा किलो पेलतो' असं छापलं असेल, तर फोटोसाठी पाच-सहा किलोच्या वर लादू नये, असंही बजावण्यात आलं. म्हणजे यंत्राच्या दुनियेत निदान एक तरी नग असा आहे की ज्याच्यावर क्षमतेच्या निम्मंच काम टाकावं असं अनुभवी लोक सांगतात. आमच्या शाखेत हा नियम कुणी ऐकलेला नाही.

पण हिशेब मांडून बघितला आणि पटलं. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत मारते. त्यामुळे आकाश तासाला पंधरा अंशांनी सरकतं. डोळ्याला ते कळत नाही, कारण डोळा एक क्षण बघतो आणि पुढच्या क्षणी मागचं विसरतो. कॅमेरा विसरत नाही. साध्या स्टँडवर कॅमेरा ठेवला तर किती सेकंदांत ताऱ्याची रेघ होते, याचा एक ढोबळ हिशेब आहे. पाचशेला भिंगाच्या फोकल लेंग्थनं भागायचं. पन्नास मिलिमीटरचं भिंग असेल तर दहा सेकंद. पाचशे मिलिमीटरची लहानशी दुर्बीण असेल तर जेमतेम एक सेकंद. आणि मृगातला तो तेजोमेघ साडेतेराशे प्रकाशवर्षांवरून इतका मिणमिणता येतो, की त्याच्यातली बारीक वस्त्रं दिसायला मिनिटामिनिटांचे फोटो घेत तासभर बसावं लागतं. एक सेकंद परवडतो आणि तास हवा. मधला फरक कोण भरून काढणार? माउंट. पृथ्वी जेवढी पूर्वेकडे फिरते, तेवढाच तो पश्चिमेकडे फिरतो. अगदी हळू, घड्याळातल्या तासकाट्याच्या निम्म्या वेगानं.

इथे मला पहिला धक्का बसला. मी आजवर स्थिर म्हणजे न हलणारा असं समजत होतो. घट्ट रोवून उभा केलेला, सिमेंटमध्ये गाडलेला स्टँड घेतला तरी ताऱ्यांच्या रेघा येतात, आणि रात्रभर सतत फिरत राहणारा माउंट घेतला की तारे टिंबासारखे स्वच्छ येतात. म्हणजे दोघांपैकी स्थिर कोण? जो आपल्या जागी ठाम उभा आहे तो, की जो ज्याच्याकडे बघतोय त्याच्या चालीनं चालतोय तो? आपल्याकडे 'मी आहे तिथेच आहे, बदललात तुम्ही' असं अभिमानानं सांगणारी माणसं पुष्कळ. त्यांच्या सगळ्या फोटोंत रेघा असणार अशी मला शंका येऊ लागली.

माउंटांच्या दोन जाती आहेत. पहिल्या जातीचा माउंट डावी-उजवीकडे आणि वर-खाली फिरतो, तोफेसारखा. समजायला सोपा, मांडायला सोपा. जॉन डॉब्सन नावाचे एक गृहस्थ १९४४ ते १९६७ सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत संन्यासी होते. त्यांनी याच जातीची प्लायवुडची साधी बैठक करून मोठमोठ्या दुर्बिणी स्वस्तात बनवल्या आणि नंतर फुटपाथवर मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला शनीची कडी दाखवली. नुसतं डोळ्यांनी बघायचं असेल तर नवशिक्यानं डोळे मिटून डॉब्सन घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. (डोळे नंतर उघडावेत.)

फोटोच्या बाबतीत मात्र या जातीत एक गोम आहे. मोटर लावली तर तो माउंट ताऱ्याला मधोमध धरून ठेवतो, पण त्याचं वर आणि खाली हे त्याच्या स्वतःच्या पायाखालच्या जमिनीवरून ठरलेलं. त्यामुळे मधला तारा जागच्या जागी आणि बाकीचे सगळे त्याच्याभोवती हळूहळू गरागरा, असं चित्र तयार होतं. एकावर लक्ष ठेवलं की आजूबाजूच्यांचे हाल, हा अनुभव साहेबाच्या केबिनबाहेर बसणाऱ्याला नवीन नाही. मोठ्या वेधशाळांना हे चालतं, कारण कॅमेराही उलटा फिरवत राहणारे संगणक त्यांच्या पदरी असतात. नारायणगावजवळ खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या अँटेना आहेत, त्यासुद्धा याच जातीच्या बैठकीवर संगणकाच्या हुकमानं फिरतात. आपल्यासारख्याचं ते काम नव्हे.

दुसरी जात विषुववृत्तीय. हा माउंट आधी मान वाकवतो. किती? तर तुमच्या गावाचा अक्षांश असेल तेवढी. पुण्याला साडेअठरा अंश, नागपूरला एकवीस. अशी मान वाकवून तो ध्रुवाकडे तोंड करतो, म्हणजे त्याचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर होतो, आणि मग एकाच आसाभोवती फिरून त्याचं काम भागतं. थोडक्यात, स्वतःची जमीन विसरून पृथ्वीची धरायची. महाराष्ट्रातली अडचण अशी की ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून फार वर नसतो. आमच्या उत्तरेला एका बिल्डरनं अकरा मजले चढवले, तेव्हापासून आमच्या सोसायटीपुरता ध्रुव अस्तंगत झालेला आहे.

आणि ध्रुवाचंही ऐकून ठेवा. ज्याला अढळपद मिळालं तो ध्रुव नेमक्या ध्रुवबिंदूवर नाहीच. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षा थोडासा जास्त बाजूला आहे, आणि इतरांसारखाच रोज एक छोटी प्रदक्षिणा घालतो. माउंट लावताना ही चूक हिशेबात धरून दुरुस्त करावी लागते. बरं, ते पदही कायमचं नव्हे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डोलतो आणि सुमारे सव्वीस हजार वर्षांत एक फेरा पुरा करतो. पाच-एक हजार वर्षांपूर्वी त्या खुर्चीवर कालेय तारकासमूहातला दुसराच एक तारा होता, आणि बारा-एक हजार वर्षांनी अभिजित रुजू व्हायचा आहे. म्हणजे बदली ध्रुवालासुद्धा चुकली नाही. ऑर्डर जरा उशिरा निघते, एवढंच.

गेल्या हिवाळ्यात अमावस्येच्या सुमाराला काही हौशी मंडळींबरोबर मी भोरच्या पलीकडे एका माळावर गेलो होतो. माझ्याकडे सामान काहीच नव्हतं, म्हणून मी थर्मास सांभाळत होतो. तिथे एका गृहस्थांनी हत्तीच्या सोंडेएवढी दुर्बीण आणली होती आणि ती एका काडीपैलवान स्टँडवर बसवली होती. सगळ्यांनी भोवती कोंडाळं केलं. वारा सुटला की सोंड डोलायची, कुणी शेजारून चाललं की डोलायची, आणि माझ्या आठवणीप्रमाणे एकदा कुणी शिंकलं तेव्हाही डोलली. पलीकडे कॉलेजातली एक मुलगी एकटीच बसली होती. तिच्याकडे वीतभर लांबीचं भिंग, आणि त्याच्याखाली तिघांनी उचलावा असा माउंट. तिच्याकडे कुणी फिरकलं नाही. पहाटे तिनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर मृगातला मेघ दाखवला तेव्हा मात्र थर्मासमधला चहा पहिल्यांदा तिला द्यावा असं सर्वानुमते ठरलं. सगळे म्हणाले, "काय भिंग आहे हो!"

त्या तिघांनी उचलायच्या वस्तूबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. ती वस्तू तेव्हाही पश्चिमेकडे फिरतच होती.

तिथून मी या काट मारण्याच्या इतिहासाकडे वळलो, आणि तो बराच निघाला. अमेरिकेत पालोमारला १९४८ साली जी पाच मीटरची दुर्बीण उभी राहिली, तिच्या आरशाचं वजन साडेचौदा टन. तो धरून ताऱ्यामागे फिरणारा सांगाडा धरला तर सगळं मिळून पाचशे टनांच्या आसपास. आरशाची महती सगळ्या पुस्तकांत आहे. पाचशे टन इतके नीट तोललेले आहेत की ते फिरवायला शिलाई मशीनच्या मोटरएवढी, एक बारांश अश्वशक्तीची मोटर पुरते, हे मात्र तळटीपेत. ताळेबंदात अशी मांडणी केली असती तर ऑडिटरनं आम्हाला उभं जाळलं असतं.

ज्या विषुववृत्तीय माउंटवर आज जगभरचे हौशी लोक विसंबतात, तो घडवला योसेफ फ्राउनहोफर यानं. हा पोरका मुलगा काचकाम शिकत असताना १८०१ साली मालकाचं घर कोसळून त्याखाली गाडला गेला होता, नशिबानं जिवंत निघाला. १८२४ मध्ये त्यानं दोर्पात, म्हणजे आजच्या एस्टोनियातलं तार्तू, तिथल्या वेधशाळेला चोवीस सेंटिमीटर भिंगाची दुर्बीण दिली आणि तिच्याखाली घड्याळाच्या यंत्रानं फिरणारा हा माउंट बसवला. त्यावर स्ट्रूव्ह साहेबांनी तीन हजारांहून जास्त जोडतारे नोंदवले. सूर्यप्रकाशातल्या काळ्या रेषांना फ्राउनहोफरचं नाव मिळालं. माउंटला काय मिळालं? 'जर्मन माउंट'. रेषांना माणसाचं नाव आणि बैठकीला देशाचं, म्हणजे कुणाचंच नाही.

याहून सरस नोंद हेन्री ड्रेपरची आहे. मृगातल्या त्याच तेजोमेघाचा पहिला फोटो त्यांनी १८८० साली काढला, एक्कावन्न मिनिटं दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवत ठेवून. प्रयोगांत त्यांच्या पत्नी अ‍ॅना ड्रेपर बरोबरीनं राबत असत. १८८२ मध्ये ड्रेपर वारले. बाईंनी हार्वर्डच्या वेधशाळेला पैसा दिला, तिथे अ‍ॅनी कॅनन या दुसऱ्या बाईंनी सव्वादोन लाख तारे एकेक करून वर्गवारीला लावले, आणि १९१८ पासून पुढच्या सहा वर्षांत तो कॅटलॉग छापून निघाला. नाव हेन्री ड्रेपर कॅटलॉग. पैसे ड्रेपरबाईंचे, डोळे कॅननबाईंचे. नाव ठेवलं ते ड्रेपरबाईंच्याच इच्छेनं, हे मान्य. पण चेकवर काट धारकानंच मारली म्हणून ती काट नाही असं होत नाही.

हे सगळं मी एकदा जेवणाच्या सुट्टीत आमच्या हेड कॅशियरांना ऐकवलं. ते डबा बंद करत म्हणाले, "अहो, चांगलं काम दिसत नाही हेच त्याचं बक्षीस. माउंट उत्तम असेल तर तो आहे हे कळताच कामा नये." वाक्य गोळीबंद आहे. तांत्रिक दृष्ट्या खरंही आहे. माउंटची आठवण येते ती तो हलल्यावरच. म्हणजे पेलणाऱ्याची नोंद फक्त तक्रारवहीत. पण हे वाक्य कोण म्हणतं ते बघा. ते नेहमी दुर्बिणी म्हणतात. कुठल्याही माउंटच्या तोंडून ते मी अजून ऐकलेलं नाही.

ऐकलेलं नाही असं म्हणालो, आणि आमच्या घरातच एक माउंट आहे. माझी आत्या, वय ब्याऐंशी. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, बहुतेक रात्रपाळी. तिच्या पगारावर माझ्या वडिलांचं कॉलेज झालं, दोन धाकट्या बहिणींची लग्नं झाली, आजोबांचं शेवटचं आजारपण झालं. तिचं स्वतःचं लग्न 'पुढच्या वर्षी बघू' या सदरात राहिलं. बँकेत याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात. वर्ष संपायच्या आत ते मिटवलं पाहिजे असा आमचा नियम आहे. १९७१ सालच्या आत्यांच्या लग्नाचा अल्बम घरात आहे. त्यात सगळे आहेत, आचारीसुद्धा आहे. ही नाही. "कोठीची किल्ली माझ्याकडे होती ना," एवढंच ती सांगते.

मी तिला विचारलंच. "आत्या, तू सगळ्यांना पेललंस, तुझं नाव कुणी घेत नाही. तुला कधी वाटलं नाही काही?"

ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "मी पेलतेय असं कुठे कळत होतं? मला एवढंच वाटायचं की रेडिओवर रात्री गाणी लागतात तेव्हा नेमकी माझी ड्युटी असते. आणि पहाटे सुटून घरी चालत यायचे तर समोर तुझा शुक्र. तो मी पुष्कळ बघितलाय. तुला दुर्बीण लागते."

आता याचं काय करायचं? ती 'मला काही नको होतं' म्हणाली असती तर हेड कॅशियरांचा विजय झाला असता. 'मला सगळं हवं होतं' म्हणाली असती तर माझा. तिला हवी होती रेडिओवरची गाणी. हे देणं कुठल्या खात्यातून भागवायचं? आभार मानावेत तर ती म्हणते, "हे काय नवीन खूळ?" तरी पण मला वाटतं, पेलणाऱ्याला काय हवं होतं ते उशिरा का होईना विचारणं, एवढं तरी दुर्बिणींकडे निघतं. त्यातून व्याजही फिटत नाही हे मला ठाऊक आहे. आमच्याकडेही थकलेल्या खातेदाराला आधी भेटायलाच जातात.

विचारण्याचा परिणाम मात्र भलताच झाला. आत्यानं कपाटातून एफडीची पावती काढली आणि म्हणाली, "मोड ही, तुझ्या त्या तिवईला." मी म्हटलं, मुळीच नाही. ज्या खात्यातून साठ वर्षं सगळ्यांनी फक्त काढलंच, त्यातून कृतज्ञतेपोटी आणखी एकदा काढायचं, हे मला कुठल्याच शास्त्रात बसेना. ती रुसली. दोन दिवस माझ्या चहात साखर नव्हती. सौभाग्यवतीनं मध्यस्थी केली, "आत्या, तुम्ही त्यांना एखादी बारीकशी वस्तू घेऊन द्या, म्हणजे तुमचंही राहील आणि त्यांचंही."

विषुववृत्तीय माउंटला एक लागतं: वजन. एका बाजूला दुर्बीण, दुसऱ्या बाजूला दांड्यावर तेवढंच तोलणारं लोखंड, म्हणजे मोटरवर ताण येत नाही. एक वजन माउंटबरोबर येतं, दुसरं वेगळं घ्यावं लागतं. आत्या म्हणाली, "वजनाचे पैसे मी देते. सोनं तोळ्यावर घेतलं, आता लोखंड किलोवर घेऊन बघू."

माउंट मी माझ्या पैशानं घेतला, एका बऱ्या स्कूटरच्या किमतीच्या घरातला. दुर्बिणीला आता पैसे उरलेले नाहीत. सध्या माझ्या जुन्या कॅमेऱ्यावर आणि त्याच्या भिंगावर भागवणार आहे, आणि ते भागतं असं जाणकार सांगतात. खोकी आली ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मुसळधार पावसात. म्हणजे दसऱ्यापर्यंत आकाश नाही. येणारे-जाणारे दिवाणखान्यातल्या त्या तिवईकडे बघतात, चादर उचलून वाकून बघतात आणि विचारतात, "पण दुर्बीण कुठाय?" आत्या त्यांना सांगते, "हे महत्त्वाचं. ते काय, नळकांडं."

तिचं पाच किलोचं वजन मात्र दिवाणखान्यात नाही. काल श्रीखंडासाठी दही बांधलं होतं आणि पाणी लवकर निघेना, म्हणून तिनं ते स्वच्छ धुऊन, पुसून, चक्क्याच्या फडक्यावर ठेवलं आहे. सकाळपर्यंत काढायचं नाही असा हुकूम आहे.